माता-बाल आरोग्याचे अर्थशास्त्र, विकसनशील देशांतील

गर्भवती व बाळंतीण स्त्री, नवजात अर्भक आणि पाच वर्षांखालील मूल यांच्या आरोग्यावर शासन व कुटुंब जो खर्च करतात, त्याची वाटणी, त्याचे फलित आणि तो सोसण्याची कुवत यांचा अभ्यास करणारी आरोग्य-अर्थशास्त्राची एक शाखा. औद्योगिक देशांत आरोग्य-अर्थशास्त्राची वाढ मुख्यतः रुग्णालये, विमा आणि वैद्यकीय व्यवसायाची बाजारपेठ यांच्या अनुषंगाने झाली. विकसनशील देशांत मात्र तिचा प्रारंभ एका निराळ्या प्रश्नातून झाला. ज्या शासनांना आरोग्यावर दरडोई वर्षाला मोजकेच डॉलर खर्च करणे परवडते, त्यांनी ते कोणावर व कशावर खर्चावेत, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर शोधताना पहिल्या दोन-तीन दशकांत हिशेबात मूल ठळकपणे आले. माता बहुधा मुलाचे साधन म्हणूनच आली. ही उणीव कशी निर्माण झाली आणि उशिरा का होईना, ती कशी भरून निघू लागली, हा या शाखेच्या इतिहासाचा गाभा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अर्थशास्त्रीय लेखनात वाचलेले मूल हा लाभ मानला जात नसे. अँसली कोल व एडगर हूव्हर या अमेरिकन अभ्यासकांनी १९५८ मध्ये भारताचे उदाहरण घेऊन असे प्रतिपादन केले की, मृत्युमान घटत असताना जन्मप्रमाण तेवढेच राहिले, तर खाणारी तोंडे वाढतात, बचत घटते आणि दरडोई उत्पन्नाची वाढ मंदावते. स्टीफन एन्के यांनी १९६० च्या सुमारास याच विचाराला हिशेबाचे रूप दिले. मूल मोठे होऊन जे उत्पादन करील ते दूरच्या भविष्यातील, तर त्याच्या पालनपोषणाचा खर्च आजचा. वटावाचा दर चढा धरला की दूरच्या उत्पन्नाचे आजचे मूल्य नाममात्र उरते आणि नवजात बालकाची किंमत उणे निघते. १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रांच्या वर्धापनदिनी भाषण करताना अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी लोकसंख्या-नियंत्रणावर खर्चलेल्या पाच डॉलरांहूनही कमी रकमेचे मोल आर्थिक विकासात गुंतविलेल्या शंभर डॉलरांएवढे आहे, असे जे सांगितले, त्यामागे हेच गणित होते. गणित म्हणून त्यात चूक नव्हती. पण त्याचे सर्व फलित वटावाच्या दरावर अवलंबून होते आणि तो दर किती धरावा हे ठरविताना ज्यांच्याविषयी हिशेब चालला होता त्यांचा विचार झाला नव्हता.

याच सुमारास विरुद्ध दिशेनेही विचार सुरू झाला. थिओडोर शुल्ट्स यांनी १९६१ मध्ये मानवी भांडवलाची कल्पना मांडली आणि सेल्मा मुश्किन यांनी १९६२ मध्ये आरोग्यावरील खर्चाला गुंतवणूक मानावे, असे सुचविले. तथापि या मतांना आधार लागणार होता तो गावपातळीवरील मोजमापाचा. असे मोजमाप प्रथम मोठ्या प्रमाणावर झाले ते पंजाबात. लुधियाना जिल्ह्यातील नारंगवाल येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने चालविलेला प्रकल्प मसुरीस जन्मलेले डॉ. कार्ल टेलर (१९१६–२०१०) यांच्या नेतृत्वाखाली होता. तेथे काही गावांत पूरक आहार, काहींत वैद्यकीय सेवा, काहींत दोन्ही आणि काहींत यांपैकी काहीच नाही, अशी विभागणी करून मृत्यू, वजन, उंची आणि खर्च यांच्या नोंदी ठेवण्यात आल्या. गावातच राहणाऱ्या परिचारिका-सुईणी न्यूमोनियावर पेनिसिलिन देत आणि अतिसार झालेल्या मुलांना मुखावाटे क्षारजल पाजीत. १९७४ मध्ये प्रकल्प बंद झाला. त्याचे सविस्तर वृत्त १९८३ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाले. त्यातील एक निष्कर्ष पुढे फारसा कोणी लक्षात ठेवला नाही. जन्माच्या आगेमागे होणारे मृत्यू टाळण्यासाठी गर्भवतीला पूरक आहार देणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरला. अर्भके व त्याहून मोठी मुले यांच्या बाबतीत वैद्यकीय सेवा अधिक फलदायी होती. म्हणजे आईच्या ताटावरील खर्च कोठे जमा धरायचा, हा प्रश्न नारंगवालमध्येच उपस्थित झाला होता. मुले जगतील अशी खात्री वाटू लागली की आईबाप कमी मुले होऊ देतील, हे टेलर व त्यांचे सहकारी यांनी मांडलेले गृहीतक एन्के यांच्या गणिताला दिलेले उत्तरच होते.

नारंगवालचा प्रकल्प चालू असतानाच बंगालमध्ये या शाखेला तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मिळाले. डाक्का येथील पटकी संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नेलिन व रिचर्ड कॅश यांनी १९६८ मध्ये असे दाखवून दिले की, ग्लुकोज व क्षार यांचे द्रावण तोंडावाटे दिल्यास पटकीच्या रुग्णाला शिरेतून द्यावयाच्या द्रवाची गरज पुष्कळच कमी होते. १९७१ च्या बांगला देश मुक्तियुद्धात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून देण्याचे द्रव संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस (१९३४–२०२२) यांनी साखर, मीठ व खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधून घेतल्या आणि त्यांचे द्रावण रुग्णांच्या आप्तांकरवी पाजण्यास सुरुवात केली. छावणीतील पटकीचे मृत्युमान सु. ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ मध्ये या शोधाचा विसाव्या शतकातील कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हणून गौरव केला. भारतात तो जलसंजीवनी या नावाने ओळखला जातो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र खरा प्रयोग यानंतरचा होय. औषध स्वस्त असले, तरी ते घरोघरी पोहोचविण्याचा खर्च स्वस्त असतोच असे नाही. बांगला देशातील ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या काळात सु. १ कोटी २० लक्ष घरांत स्त्री-कार्यकर्त्या पाठवून तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी हे मिश्रण आयांना समोरासमोर शिकविले. पुडी विकत आणण्याची गरजच राहिली नाही. कार्यकर्तीला वेतन किती घरांना भेट दिली यावर मिळत नसे. काही आठवड्यांनी दुसरा तपासनीस काही घरांना अकस्मात भेट देई, आईला दहा मुद्दे विचारी, तिच्याकडून द्रावण करवून घेई आणि तिला जेवढे आठवे त्या श्रेणीनुसार कार्यकर्तीचे वेतन ठरे. फलिताशी वेतन जोडण्याच्या ज्या योजनांचा नव्या शतकात मोठा गाजावाजा झाला, त्यांचे हे एक आद्य आणि अधिक काटेकोर रूप मानता येईल. प्रारंभी मात्र एक अडचण आली. आयांना कृती मुखोद्गत होती, पण मूल आजारी पडले की त्या तिचा उपयोग करीत नसत. चौकशीअंती आढळले की, खुद्द कार्यकर्त्यांचाच या मिठा-गुळाच्या पाण्यावर विश्वास नव्हता आणि घरातील पुरुषांना कोणी काही सांगितलेच नव्हते. हे दोष दूर केल्यावर वापर वाढला.

कझाकस्तानातील आल्माआता येथे सप्टेंबर १९७८ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने अन्न, पाणी, स्वच्छता, शिक्षण व उपचार यांचा समावेश असलेल्या सर्वांगीण प्राथमिक आरोग्यसेवेचा पुरस्कार केला. वर्षभरातच तिला आव्हान मिळाले. ज्यूलिया वॉल्श व केनेथ वॉरन यांनी १९७९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निवडक प्राथमिक आरोग्यसेवेची कल्पना मांडली. त्यांच्या लेखातील एक छोटासा तक्ता आरोग्य-अर्थशास्त्राच्या इतिहासात फार प्रभावी ठरला. निरनिराळ्या मार्गांनी एका अर्भकाचा किंवा बालकाचा मृत्यू टाळण्यास येणारा खर्च त्यात दिला होता. निवडक सेवांनी तो २०० ते २५० डॉलर, तर पाणीपुरवठा व स्वच्छता यांद्वारे ३,६०० ते ४,३०० डॉलर येतो, असा तो अंदाज होता. निवडक सेवांत गोवर, घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील लसी, हिवतापाचा उपचार, जलसंजीवनी, गर्भवतींना धनुर्वातप्रतिबंधक लस आणि स्तनपानाचा प्रसार एवढ्याच गोष्टी होत्या. ही यादी नीट पाहिली असता दिसते की, आई तीत दोन ठिकाणी येते आणि दोन्ही ठिकाणी ती बाळासाठीच येते. लस तिला टोचायची, पण वाचवायचे ते नवजाताला. ती स्वतः रक्तस्रावाने किंवा अडलेल्या बाळंतपणात मरण पावली, तर तक्त्यातील कोणत्याही रकान्यात फरक पडत नव्हता.

पाण्याविषयीच्या आकड्यावर जॉन ब्रिस्को (१९४८–२०१४) यांनी १९८४ मध्ये घेतलेला आक्षेप मूलगामी होता. नळाचा सगळा खर्च आरोग्याच्या खात्यावर टाकला गेला. परंतु नळ घरापर्यंत आल्याने पाणी भरणाऱ्या बाईचे जे तास वाचतात ते कोणत्याच खात्यावर जमा केले गेले नाहीत. अनेक शहरांत गरीब कुटुंबे पाणी विकणाऱ्यांना आधीच पैसे मोजत होती, म्हणजे खर्चाचा मोठा भाग लोक स्वतः उचलण्यास तयार होते. शासनाच्या तिजोरीवर पडणारा निव्वळ भार तेवढाच धरला, तर पाणी महाग राहत नाही. ब्रिस्को यांचे म्हणणे अभ्यासकांना पटले. धोरणे मात्र वॉल्श-वॉरन यांच्या तक्त्यानुसारच आखली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीचे (युनिसेफ) संचालक जेम्स ग्रँट (१९२२–१९९५) यांनी १९८२ च्या अखेरीस बालकांच्या वाढीची नोंद, जलसंजीवनी, स्तनपान व लसीकरण या चार उपायांची मोहीम हाती घेतली. कुटुंबनियोजन, पूरक आहार व स्त्रीशिक्षण या बाबी तिला नंतर जोडण्यात आल्या. या मोहिमेने लसीकरणाचे प्रमाण झपाट्याने वाढविले, याविषयी दुमत नाही. ग्रँट यांना हिशेबाचे मर्म उत्तम कळले होते : वित्तमंत्र्यापुढे एका जिवाची किंमत ठेवली की त्याला नाही म्हणणे कठीण जाते.

मग मातेच्या जिवाची किंमत कोणी का ठेवली नाही? ॲलन रोझनफील्ड (१९३३–२००८) व डेबोरा मेन यांनी १९८५ मध्ये लॅन्सेटमध्ये हाच प्रश्न केला आणि माता व बालसंगोपन या नावातील माता कोठे गेली, अशी विचारणा केली. त्या सुमारास जगात वर्षाला सु. पाच लाख स्त्रिया गर्भारपण व बाळंतपण यांमुळे मरण पावत असल्याचा अंदाज होता आणि त्यांतील बहुतेक सर्व विकसनशील देशांतील होत्या. या उपेक्षेला केवळ अनास्था कारणीभूत नव्हती. मोजमापाच्या पद्धतीतच तिची बीजे होती. बालमृत्यू संख्येने मोठे असल्याने काही हजार घरांच्या पाहणीतही ते दिसतात. मातामृत्यूंचे प्रमाण अतिशय भयंकर असतानाही ते दर शंभर जन्मांमागे एक-दोनच असते, म्हणून त्यातील घट सिद्ध करण्यास फार मोठी लोकसंख्या लागते. वेंडी ग्रॅहम, विल्यम ब्रास व रॉबर्ट स्नो यांनी १९८९ मध्ये प्रौढ व्यक्तींना त्यांच्या बहिणींविषयी प्रश्न विचारून मातामृत्यू मोजण्याची पद्धत शोधून काढली, ती याच अडचणीतून. दुसरे कारण उपायांच्या स्वरूपात आहे. गोवर लशीने टळतो. परंतु कोणत्या बाईला रक्तस्राव होईल हे आधी सांगता येत नाही आणि झाल्यावर रक्त, शस्त्रक्रिया, ती करणारा डॉक्टर व तेथवर नेणारे वाहन यांची एकाच वेळी गरज पडते. असा उपाय पुडीत बांधता येत नाही. सिरीन थॅडियस व डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये दाखविल्याप्रमाणे निर्णय घेण्यास, दवाखान्यात पोहोचण्यास आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यास असा तीन ठिकाणी विलंब होतो. त्यांतील एकच दूर केला, तर हाती फारसे काही लागत नाही. एका उपायाचा खर्च भागिले वाचलेले जीव, या सूत्रात असा प्रश्न मुळातच बसत नव्हता.

ही गोष्ट मतलबच्या उदाहरणाने चांगली कळते. बांगला देशातील या नदीकाठच्या भागात १९६६ पासून प्रत्येक जन्म व मृत्यू यांची नोंद ठेवली जात आहे. १९७७ मध्ये निम्म्या भागात माता-बालसंगोपन व कुटुंबनियोजन यांची खास सेवा सुरू झाली; उरलेल्या भागात नेहमीची शासकीय सेवा राहिली. जगात इतका काटेकोर तुलनाक्षेत्र असलेला प्रदेश विरळाच. १९८७ मध्ये खास सेवेच्या एका पट्ट्यात प्रशिक्षित सुईणी नेमल्या गेल्या आणि त्यानंतर तेथील मातामृत्यू लक्षणीय घटल्याचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. गावोगावी सुईणी नेमाव्यात, हा धडा त्यातून घेतला गेला. परंतु कारीन रॉन्समन्स व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अधिक लांब काळाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुईणी नसलेल्या भागांतही घट झालेली आढळली. पुढे ३० वर्षांच्या नोंदींवरून (१९७६–२००५) असे दिसले की, खास सेवेच्या भागात मातामृत्यू ६८ टक्के, तर शासकीय सेवेच्या भागातही ५४ टक्के घटले. कमी झालेली बाळंतपणे, असुरक्षित गर्भपातांतील घट, मुलींचे शिक्षण आणि तातडीच्या प्रसूतिसेवेचा वाढता वापर या सर्वांचा त्यात वाटा होता. १९९१ चा निष्कर्ष मांडणाऱ्यांनी हयगय केली नव्हती. घटना दुर्मीळ असली की अल्प काळातील चढउतारालाही परिणाम समजण्याचा मोह होतो.

एका उपायाऐवजी संपूर्ण यंत्रणा उभारणे गरीब देशाला परवडते काय, याचे उत्तर श्रीलंकेने पूर्वीच दिले होते. तेथे १९२६ मध्ये कळुतर येथे पहिले आरोग्य केंद्र स्थापन झाले व सार्वजनिक आरोग्य सुईणींचे जाळे क्रमाने विणले गेले. १९३० च्या दशकात दर लाख जन्मांमागे १,५०० हून अधिक माता मृत्यू पावत. विनामूल्य रुग्णालये, रुग्णवाहिका, नवी जंतुनाशक औषधे व हिवतापनिर्मूलन यांमुळे १९४६ ते १९५३ या अवघ्या सात वर्षांत हे प्रमाण सु. ७० टक्क्यांनी उतरले. रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या १९८५ मधील बेलाजिओ परिषदेत चीन, कोस्टा रीका व केरळ यांच्याबरोबर श्रीलंकेचा अभ्यास झाला, तेव्हा अल्प खर्चात उत्तम आरोग्य साधलेल्या प्रदेशांत स्त्रीशिक्षण व सर्वांना खुली सेवा ही समान सूत्रे आढळली. २००३ मध्ये जागतिक बँकेने मलेशिया व श्रीलंका यांच्याविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही खर्च माफक असल्याचे नमूद आहे. खर्च माफक होता. पण तो पन्नास वर्षे खंड न पडता होत राहिला.

श्रीलंकेतील त्या सात वर्षांकडे सीमा जयचंद्रन व ॲड्रियाना लेरास-म्यूनी यांनी २००९ मध्ये वेगळ्या दृष्टीने पाहिले. मातामृत्यू घटल्याने मुलींचे अपेक्षित आयुर्मान वाढते, मुलांचे वाढत नाही. म्हणून भावाबहिणींची तुलना करता येते. ज्या जिल्ह्यांत घट अधिक झाली, तेथे मुलींची साक्षरता व शालेय वर्षे मुलांच्या तुलनेने अधिक वाढली. मुलगी बाळंतपणात मरणार नाही असे दिसू लागल्यावर तिच्या शिक्षणावरचा खर्च आईबापांना वाया जाणारा वाटेनासा झाला. एन्के यांच्या गणितात वाचलेला जीव हा भार होता; येथे वाचलेली आई, किंबहुना भावी आई, ही गुंतवणुकीस कारण ठरली.

घराच्या बाजूने होणाऱ्या खर्चाकडे संशोधकांचे लक्ष गेले ते १९८० नंतरच्या आर्थिक अरिष्टात. जागतिक बँकेने १९८७ मध्ये शासकीय दवाखान्यांत शुल्क आकारण्याची शिफारस केली. त्याच वर्षी आफ्रिकेतील आरोग्यमंत्र्यांनी बामाको येथे औषधविक्रीतून केंद्रे चालविण्याची योजना स्वीकारली. शुल्कामुळे सेवेचा दर्जा सुधारेल आणि लोक फुकटच्या वस्तूपेक्षा विकतच्या वस्तूची कदर करतील, असा युक्तिवाद केला जात असे. पॉल गर्टलर व सहकाऱ्यांनी पेरूमधील आकडेवारीवरून १९८७ मध्येच दाखविले होते की, किंमत वाढली की श्रीमंतांपेक्षा गरिबांचा वापर पुष्कळच अधिक घटतो. कदरीच्या युक्तिवादाची परीक्षा केन्यात झाली. जेसिका कोहेन व पास्कालिन द्यूपा यांनी गर्भवतींच्या तपासणी-केंद्रांत कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या काही ठिकाणी विनामूल्य, तर काही ठिकाणी निरनिराळ्या किमतींना देऊ केल्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार किंमत शून्यावरून ०·६० डॉलर केली असता मच्छरदाणी घेणाऱ्यांचे प्रमाण ६० टक्केबिंदूंनी घसरले आणि पैसे देऊन घेणाऱ्या स्त्रिया ती अधिक वापरीत होत्या असेही आढळले नाही. दक्षिण आफ्रिकेने १९९४ मध्ये गर्भवती व सहा वर्षांखालील मुले यांच्यासाठी, तर युगांडाने २००१ मध्ये शासकीय केंद्रांत सरसकट शुल्क रद्द केले.

बाळंतपणाच्या बाबतीत शुल्काची झळ विशेष असते, कारण बिलाचा आकडा आधी ठाऊक नसतो. बेनिन व घाना येथील रुग्णालयांच्या अभ्यासात (२००३) सुरळीत प्रसूतीला पंधरा-अठरा डॉलर, तर बेनिनमध्ये अडलेल्या व जिवावर बेतलेल्या प्रसूतीला अडीचशे डॉलरांहून अधिक खर्च कुटुंबाला आल्याचे दिसले. आई वाचते, पण घर कर्जात बुडते. हा परिणाम मृत्यूंच्या तक्त्यात कोठेच उमटत नाही.

शुल्काच्या उलट टोकाला कुटुंबालाच पैसे देण्याच्या योजना आल्या. मेक्सिकोने १९९७ मध्ये सुरू केलेल्या प्रोग्रेसा योजनेत मुलांना शाळेत व दवाखान्यात नेण्याच्या अटीवर रोख रक्कम आईच्या हाती दिली जाई. प्रारंभीच ५०६ वस्त्यांपैकी ३२० योजनेत घेऊन उरलेल्या काही काळ बाहेर ठेवल्यामुळे तिचे मूल्यमापन विश्वसनीय झाले. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात (२०१०) लसीकरण पूर्ण झालेल्या बालकांचे प्रमाण काहीच न केलेल्या गावांत ६ टक्के, नियमित शिबिरे भरलेल्या गावांत १८ टक्के आणि शिबिराबरोबर दर खेपेस एक किलो डाळ व शेवटी जेवणाची थाळी दिलेल्या गावांत ३९ टक्के निघाले. डाळीचा खर्च धरूनही एका बालकामागील खर्च निम्मा झाला, कारण परिचारिकेचा दिवसाचा पगार अधिक बालकांत वाटला गेला.

भारताची जननी सुरक्षा योजना (२००५) ही अशा योजनांतील सर्वांत मोठ्या योजनांपैकी एक होय. मागास राज्यांतील ग्रामीण स्त्रीला दवाखान्यात प्रसूत झाल्यास तीत १,४०० रुपये मिळत. रुग्णालयीन प्रसूती वेगाने वाढल्या, हे निर्विवाद आहे. मृत्यूंवरील परिणामाविषयी मात्र मतभेद राहिले. २०१० च्या एका विश्लेषणात नवजात-मृत्यू घटल्याचे आढळले, पण मातामृत्यूंतील घट सिद्ध होऊ शकली नाही; २०१५ च्या दुसऱ्या विश्लेषणात नवजात-मृत्यूंतील घटीलाही सबळ पुरावा मिळाला नाही. स्त्रिया दवाखान्याच्या दारापर्यंत आल्या. दाराच्या आत काय होते, हे रोख रकमेच्या हाती नव्हते. थॅडियस व मेन यांचा तिसरा विलंब येथे पुन्हा भेटतो.

दवाखाना जवळ नसलेल्या ठिकाणी काय करता येते, याचे प्रात्यक्षिक महाराष्ट्रात झाले. गडचिरोली जिल्ह्यात १९८६ पासून काम करणाऱ्या सर्च या संस्थेच्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविले. त्या बाळंतपणाला हजर राहत, बाळाचे वजन करीत, त्याला उबदार ठेवीत आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच घरातच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देत. ४७ गावांच्या तुलनागटाशी ताडून पाहता नवजात-मृत्युमान ६२ टक्क्यांनी घटले (१९९९). एका नवजातामागे ५·३ डॉलर खर्च आला व दर १८ नवजातांच्या शुश्रूषेमागे एक मृत्यू टळला. म्हणजे एक जीव शंभराहून कमी डॉलरांत वाचला. भारत शासनाने २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात-शुश्रूषेचा कार्यक्रम देशभर स्वीकारला. याच जिल्ह्यातील आणखी एका अभ्यासाचा येथे उल्लेख करावयास हवा. राणी बंग व सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये दाखविले की, त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. या स्त्रिया मरत नव्हत्या, म्हणून त्या कोणत्याही आकडेवारीत नव्हत्या. नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात स्त्रियांच्या गटांनी दरमहा एकत्र बसून बाळंतपणाच्या अडचणींवर स्वतःच उपाय शोधल्याने नवजात-मृत्युमान ३० टक्क्यांनी घटले (२००४) आणि आयुष्याच्या एका वाचलेल्या वर्षामागे २११ डॉलर खर्च आला, असे योसेफिन बोर्गी यांच्या हिशेबात निघाले.

वाचलेल्या जिवांऐवजी वाचलेली वर्षे मोजण्याची ही पद्धत रूढ केली ती जागतिक बँकेच्या १९९३ च्या विकास अहवालाने. अकाली मृत्यूने गमावलेली व आजारपणात काढलेली वर्षे एका मापात आणणारे अक्षमता-समायोजित आयुर्वर्ष हे एकक क्रिस्टोफर मरी व सहकाऱ्यांनी तयार केले. त्यामुळे न मारणाऱ्या रोगांनाही प्रथमच तक्त्यात जागा मिळाली. अल्प उत्पन्नाच्या देशांत एक आयुर्वर्ष मिळविण्यास विस्तारित लसीकरणाने १२ ते १७ डॉलर, तर गर्भवतीची तपासणी व प्रसूतिसेवा यांनी ३० ते ५० डॉलर लागतात, असा अहवालाचा अंदाज होता. आजारी बालकाच्या उपचारालाही तेवढेच लागत. माता महाग नाही, हे यातून निदान कागदोपत्री मान्य झाले. मात्र या मापातही पंचविशीतील वर्षाला अधिक वजन होते आणि भविष्यातील वर्षांना ३ टक्के वटाव लावलेला होता. ही दोन्ही गृहीतके २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक रोगभार अभ्यासात सोडून देण्यात आली.

ग्वातेमालातील चार गावांच्या अभ्यासाने मापनाची आणखी एक मर्यादा उघड केली. तेथे १९६९ ते १९७७ या काळात दोन गावांत प्रथिनयुक्त पेज व दोन गावांत केवळ साखरेचे पेय दिले जाई. ती मुले मोठी झाल्यावर, पहिल्या दोन वर्षांत पेज मिळालेल्या पुरुषांची तासाची मजुरी इतरांपेक्षा सरासरी ४६ टक्के अधिक निघाली (२००८). स्त्रियांच्या मिळकतीत तसा फरक आढळला नाही. परंतु लहानपणी ती पेज प्यालेल्या स्त्रियांची मुले जन्मतः अधिक वजनाची होती. पुरुषांना मिळालेला लाभ मजुरीच्या रूपाने त्याच पिढीत मोजता आला. स्त्रियांचा लाभ मोजण्यास पुढची पिढी जन्मावी लागली.

जागतिक आरोग्य संघटना व सहयोगी संस्था यांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये सु. २ लाख ६० हजार माता मृत्यू पावल्या, त्यांतील सु. ७० टक्के सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील होत्या. पाच वर्षांखालील बालमृत्यूंची संख्या २०२२ मध्ये प्रथमच ५० लाखांच्या खाली आली (४९ लाख), त्यांपैकी सु. २३ लाख बालके पहिल्या महिन्यातच दगावली. ज्या देशांत हे मृत्यू सर्वाधिक होतात, त्यांतील अनेकांत जन्म-मृत्यूंची नोंदणी अपुरी असल्याने हे आकडे सर्वेक्षणे व संख्याशास्त्रीय प्रतिकृती यांवरून काढावे लागतात. याखेरीज २०२१ मध्ये सु. १९ लाख अर्भके मृतावस्थेत जन्मली. त्यांतील पुष्कळशा मृत्यूंना प्रसूतीच्या वेळी न मिळालेली सेवा कारणीभूत असते. १९९३ च्या मापात आयुष्याची गणना जिवंत जन्मापासून होत असल्याने या अर्भकांचे एकही वर्ष त्यात धरले जात नाही.